शेवटच्या धारेचं दूध

मी नोकरीभर दुसऱ्यांच्या दुधातलं पाणी शोधलं. श्रीरामपूरच्या दूध शीतकेंद्रावर माझ्या नेमणुकीच्या कागदात 'दूध तपासनीस' असं लिहिलेलं होतं आणि त्याचा अर्थ एवढाच होता. सकाळ-संध्याकाळ गावोगावचं दूध कॅनमधून यायचं, मी त्याचं फॅट काढायचो आणि माझ्या आकड्यावर शेतकऱ्याचा भाव ठरायचा. साहजिकच मला ओळखणारे लोक पुष्कळ होते, चहाला बोलावणारे फार थोडे.

फॅट काढणं म्हणजे काय, ते सांगतो. खाली फुगीर आणि वर निमुळत्या दांडीची एक जाड काचेची नळी असते. तिच्यात आधी ॲसिड घालायचं, मग काठाकाठानं दूध सोडायचं, वर थोडं अल्कोहोल आणि रबरी बूच. नळी फडक्यात धरून हलवली की आतला ऐवज तापून तपकिरी होतो. मग ती हाताने फिरवायच्या यंत्रात घालून गरगर फिरवायची. ॲसिड बाकीचं सगळं जाळून टाकतं. स्निग्धांश तेवढा वर येऊन दांडीत पिवळाधमक उभा राहतो. तो जितका उंच, तितकं दूध कसदार. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या काळात माझ्या एकाही शर्टाची बाही भोकाशिवाय नव्हती.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. बेलापूरकडचे एक तात्या होते. आठवड्यातून एकदा आम्ही नमुना घ्यायचो, आणि नेमकं त्याच दिवशी तात्यांच्या म्हशीचं फॅट आभाळाला लागायचं. पाणी नाही, भेसळ नाही, पाणी पकडणाऱ्या लॅक्टोमीटरचा आकडाही निर्दोष. शेवटी मी पहाटे सायकल मारत त्यांच्या गोठ्यात जाऊन उभा राहिलो. बघतो तर नमुन्याच्या दिवशी तात्यांनी आधी रेडकाला भरपूर पिऊ दिलेलं आणि उरलेल्या शेवटच्या धारा तेवढ्या कॅनमध्ये काढलेल्या. जनावराच्या पहिल्या धारा पातळ असतात, मलई मागे राहते, हे गवळ्याच्या पोरालाही माहीत असतं.

मी म्हणालो, "तात्या, हे बरं नाही."

तात्या म्हणाले, "सायेब, रेडकाला बी पोट हाय की. त्यानं आदी पेलं, आमी मागनं काढलं. पानी तर न्हाई ना घातलं?"

कायद्यात ह्याला उत्तर नव्हतं. पुढे मी न सांगता नमुने घ्यायला लागलो, एवढंच.

मला खरं सांगायचंय ते बहात्तरच्या दुष्काळातलं. कालव्याच्या आमच्या भागात निदान ओल होती, पण पूर्वेकडे शेवगाव-पाथर्डीकडे माणसं पाझर तलावाच्या आणि रस्त्याच्या कामांवर माती वाहत होती, खडी फोडत होती. केंद्रावर दूध निम्म्यावर आलं होतं. दुपारी हाताला काम नसायचं. अशाच एका दुपारी एक बाई ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आल्या. पांढरं सुती पातळ, पायात पुरुषी वाटाव्यात अशा जाड चपला. त्या डॉक्टर गायकवाड. गावातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात त्या एकट्याच डॉक्टर होत्या.

"राऊत तुम्हीच ना? ह्याचं फॅट काढून द्याल?"

मी सवयीनं विचारलं, "गायीचं का म्हशीचं?"

"बाईचं."

पलीकडे कॅन धुणारे दोघं खाली मान घालून हसायला लागले. बाई मात्र शांतपणे खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं.

दुष्काळी कामावरच्या बायांची तान्ही मुलं त्यांच्याकडे जुलाबानं सुकून येत होती. चौकशी केली की प्रत्येकीकडे पावडरच्या दुधाचा डबा निघायचा. 'तुझीच हाडं वर आलीत, तुझ्या अंगावरचं दूध म्हणजे नुसतं पाणी,' असं कोणीतरी त्या बाईला सांगितलेलं असायचं. सासू सांगायची, दुकानदार सांगायचा, क्वचित डॉक्टरही सांगायचा. मग मजुरी डब्यात जायची, डबा पुरवायचा म्हणून चमचाभर पावडरीत तांब्याभर पाणी पडायचं आणि पाणी असायचं टँकरच्या तळाचं.

"मला वाटतं ह्या बायांचं दूध चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण वाटून काय उपयोग? उपाशी बाईच्या दुधात काय असतं ते इथं कुणी मोजलेलंच नाही. मुंबईच्या एका संशोधन समितीकडे मी अनुदान मागितलंय. आणखी एक परिचारिका, जीपला पेट्रोल, तपासणीचं सामान, बस्स. ते म्हणतात, आधी थोडे आकडे दाखवा. पुण्याला नमुने पाठवले तर वाटेतच नासतात. मग मनात आलं, दुधाची तपासणी तर इथंच चालते."

आमच्या व्यवस्थापकांनी डोकं खाजवलं आणि परवानगी दिली. अट एकच, ह्या कामाच्या नळ्या वेगळ्या ठेवायच्या आणि गावात बोभाटा करायचा नाही. बोभाटा त्याच संध्याकाळी झाला. "राऊत आता बायांचं बी माप काढतोय," असं म्हणत लोक माझ्याकडे बघून हसायचे. दोन-चार दिवस मी मागच्या दाराने ये-जा केली.

पहिली अडचण मापाची. आमच्या नळीला जवळजवळ दोन चमचे दूध लागतं. म्हशीला त्याचं काही नसतं, पण ओल्या बाळंतिणीकडून परिचारिकेनं एवढं मागायचं तरी कसं? शेवटी मी अर्धं दूध आणि अर्धं कोमट पाणी घेऊन तपासायचं आणि येईल त्याची दुप्पट करायची असं ठरवलं. म्हशीच्या दुधावर ताडून पाहिलं, हिशेब जमला. पाणी पकडण्याचा पगार घेणारा मी स्वतःच्या हातानं दुधात पाणी घालत होतो, आणि बाई शेजारी उभ्या राहून मान डोलावत होत्या.

दोन महिने मी नमुने तपासले. बाईंनी आकडे मुंबईला पाठवले. उत्तर आलं ते बाईंनी माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. इंग्रजी पत्र होतं, त्यांनी अर्थ सांगितला. आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्याच बाईचं दूध सोमवारी कसदार आणि गुरुवारी पाणचट, हे संभवत नाही. नमुने बहुधा अप्रशिक्षित हातांनी तपासले गेले असावेत. सबब अनुदानाचा विचार करता येत नाही. मात्र समितीचे एक प्राध्यापक दुसऱ्या कामासाठी महिनाअखेर नगरला येणार आहेत, त्यांना काही दाखवायचं असल्यास दाखवावं.

"मी अर्ज मागे घेते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी प्रथमच असा खाली गेलेला ऐकला. "काल पुन्हा एक मूल गेलं. मी हे कागद रंगवत बसण्यापेक्षा वॉर्डात असते तर बरं झालं असतं."

मला मुलाचं ऐकून वाईट वाटलं, हे खरं. पण त्याहून जास्त झोंबलं ते 'अप्रशिक्षित हातांनी' हे. तालुक्यानं मला शिव्या दिल्या होत्या, पण माझा आकडा चुकला असं तात्यासुद्धा कधी म्हणाले नव्हते. मी म्हणालो, "बाई, अर्ज राहू द्या. हात चुकलेला नाही. दुसरं काहीतरी चुकतंय."

त्या रविवारी मी घरी डोकं धरून बसलो होतो. माझी बायको शकुंतला दाराशी बसून आमच्या मंगलला पाजत होती. मंगल तेव्हा तीन महिन्यांची. शकुंतला मिरजगावकडची, म्हशींच्या गोठ्यात वाढलेली, शाळा चौथीपर्यंत. तिनं विचारलं, "काय झालंय तरी काय?"

मी सगळं सांगितलं. त्याच बाईचं दूध एका दिवशी घट्ट, एका दिवशी पातळ.

"मग ती नर्सबाई दूध कवा काढती? पोर पेयाच्या आदी का पेल्यावर?"

"कधी आधी, कधी नंतर. सवड मिळेल तसं."

शकुंतलानं माझ्याकडे असं पाहिलं की आजही आठवलं की कान तापतात. "अहो, जलम गेला तुमचा दुधात! म्हशीच्या पयल्या धारा पातळ आन शेवटच्या घट्ट, आन बाईचं तसं नसंल व्हय? ही पोरगी बगा, आदी घटाघटा पेती, तवा तहान भागती तिची. मंग सावकाश. शेवटाला डोळे मिटून चोखती ना, तवा खरं पोट भरतं."

तात्यांच्या गोठ्यात उभा राहून जे पाहिलं होतं, ते माणसाला लावून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाईच्या दुधाबद्दल आपण विचार करायचा नसतो, असं कुठेतरी मनात असावं. नळीत तपासत होतो, पण विचार करत नव्हतो.

"शकू," मी चाचरत म्हणालो, "तू देशील का? एक आधी, एक नंतर?"

ती लाजली, मग हसली. "द्या हिकडं वाट्या. आन तोंड करा तिकडं."

मी तसाच केंद्रावर गेलो. दोन नळ्या यंत्रात समोरासमोर ठेवल्या आणि दांडा फिरवला. बाहेर काढल्या तेव्हा एकीच्या दांडीत पिवळा थर नखाएवढा होता आणि दुसरीच्या दांडीत बोटाच्या पेराएवढा. एकच बाई, एकच वेळ, मध्ये फक्त मंगलचं पोट भरलेलं. मी नळ्या गरम पाण्याच्या थर्मासमध्ये उभ्या केल्या आणि सायकलवरून एका हातानं तो धरून प्रसूतिगृह गाठलं.

बाईंनी दोन्ही नळ्या खिडकीशी धरल्या. दोन्ही थरांवर बोट ठेवून पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे आपले आकडे खोटे नव्हतेच. आपण अर्ध्या ताटावरून सगळ्या जेवणाचा निकाल लावत होतो." आणि विचारलं, "नमुना कुणाचा?"

"ओळखीतल्या एका बाईचा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जराशा हसल्या आणि पुढे विचारलं नाही.

प्राध्यापकांना शेवगावजवळच्या पाझर तलावाच्या कामावर न्यायचं आणि सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर करायचं, असं ठरलं. केंद्रावरचं हाताचं यंत्र मी टेबलावरून सोडवलं, एका फळीवर बसवलं आणि जीपमध्ये मांडीशी घेऊन नेवाशावरून शेवगाव गाठलं. रस्ताभर मी ॲसिडची बाटली पोटाशी धरून बसलो होतो.

प्राध्यापक उंच, शुभ्र कपड्यांतले, बोलायला सभ्य पण शब्द मोजून वापरणारे. "माझ्याकडे एक तास आहे," ते म्हणाले.

हौसाबाई नावाची पंचविशीची बाई नमुना द्यायला तयार झाली होती. सकाळपासून मातीच्या पाट्या वाहिल्यानं तिचे केसही मातीच्या रंगाचे झाले होते. मुलगा चार महिन्यांचा. तिची सासू शेजारी उभी, हातात नवाकोरा डबा. आदल्याच बाजारात आणलेला, अजून फोडलेला नव्हता.

सासू म्हणाली, "ही काय दूध देनार? बगा की तिच्याकडं, नुसती काटकी. रेशनच्या मिलोची भाकर खाऊन कुटं दूध येतं व्हय?"

हौसाबाईनं मुलाला उचललं. पाल म्हणून लावलेल्या लुगड्याच्या आडोशाला बाई तिला घेऊन गेल्या. आधीचं दूध आलं. मग मूल पिऊन झालं, नंतरचं आलं. चहाच्या चुलीवर मी पाणी तापवून ठेवलं होतं. ॲसिड भरलं, दूध सोडलं, बुचं लावली. आणि इथं माझा घात झाला. उन्हानं नळ्या आधीच तापलेल्या होत्या. नंतरच्या दुधाची नळी हलवताना बूच फट्‌कन उडालं, सगळं मातीत गेलं आणि माझ्या शर्टावर धूर निघाला. कोणाला लागलं नाही, एवढं नशीब.

प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. "मूल तर पिऊन झोपलं. म्हणजे आता काही सिद्ध व्हायचं नाही."

मी रिकामी नळी फडक्यानं पुसायला लागलो. बाई खाली बघत होत्या. तेवढ्यात लुगड्यामागून हौसाबाईचा आवाज आला. दिवसभरात तिचे पहिलेच शब्द.

"न्हाई कसं? ह्या अंगाचं सांडलं, त्या अंगाचं हाय की. आदीचं घ्या. पोराला उठविते, पेतंय ते. मंग मागचं घ्या."

तिनं मुलाला उठवलं. तो रडला, चिडला, पण प्यायला लागला. पन्नासेक बाया पाट्या खाली ठेवून गोळा झाल्या होत्या. मुकादम ओरडला, तरी कोणी हललं नाही. मी ह्या खेपेला नळ्या ओल्या फडक्यात ठेवल्या, बुचं दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरली आणि यंत्रात घालून प्राध्यापकांना म्हणालो, "साहेब, दांडा तुम्ही फिरवा. माझे हात अप्रशिक्षित आहेत."

बाईंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. प्राध्यापक क्षणभर थांबले. मग त्यांनी शुभ्र बाह्या वर केल्या आणि दांडा हातात घेतला. चार मिनिटं फिरवता फिरवता त्यांना घाम फुटला. नळ्या गरम पाण्यातून काढून मी त्यांच्याच हातात दिल्या, मी पाहिल्या नाहीत.

त्यांनी पहिली वाचली. दुसरी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग पहिल्यांदाच मोकळं बोलले, "अहो, हे तर चांगलंच आहे! उत्तम आहे. माझ्या सुनेचं ह्यापेक्षा फार वेगळं येणार नाही."

हौसाबाई आडोशाबाहेर आली होती. "काय आलं वं बाई?"

डॉक्टरबाईंनी नळी तिच्या डोळ्यांसमोर धरली. "हा पिवळा थर दिसतो? ही तुझ्या दुधातली मलई. तुझं दूध पाणी नाही. जरा कमी भरत असेल, कारण तुझ्याच पोटाला कमी पडतंय. पण जे आहे ते खरं दूध आहे."

हौसाबाईनं नळीकडे पाहिलं, मग सासूकडे. "आत्याबाई, डबा दुकानात परत द्या. आन त्याचं मला गूळ-शेंगदानं आना."

बायांत असा हशा उठला की मुकादमही हसला. सासू आधी फणकारली, मग तिनं नळी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, आणि संध्याकाळी डबा परत करायला तीच गेल्याचं पुढच्या खेपेला कळलं.

अनुदान मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी केंद्रावर होतो. बाई चालत, जवळजवळ पळत आल्या, आणि कॅन धुणाऱ्या त्या दोघांसमोर त्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं. परिचारिका मिळाली, पेट्रोल मिळालं, नवी यंत्रं मिळाली. त्यात एक अट होती: प्रत्येक मातेचा नमुना पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर असा दोन वेळा घ्यावा. ती अट शकुंतलाची होती, पण हे समितीला माहीत नव्हतं. पुढे त्याच आकड्यांच्या जोरावर बाईंनी अधिकाऱ्यांशी भांडून त्या कामावरच्या अंगावर पाजणाऱ्या बायांना सुकडीच्या सरकारी खाऊचा जादा वाटा मिळवला, आणि दुपारी पाजायला अर्ध्या तासाची सुट्टी आणि सावलीला एक छप्परही. गावच्या प्रसूतिगृहात जुलाबाची मुलं येणं थांबलं नाही, पण कमी झालं. ते मी आकड्यांनी नाही, बाईंच्या चेहऱ्यावरून सांगतो.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. ह्या कामाचा अहवाल छापायला जाताना बाईंनी मला विचारलं होतं, "त्या पहिल्या दोन नळ्यांचं श्रेय कुणाला लिहू?" मी म्हणालो, "राहू द्या, त्यांना आवडणार नाही." शकुंतलाला मी विचारलंच नव्हतं. आवडणार नव्हतं ते मला. चारचौघांत आपल्या बायकोच्या दुधाची चर्चा नको, एवढंच माझं धैर्य. अहवालात माझं नाव आलं, तिचं नाही.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं आम्ही मिरजगावला तिच्या माहेरी एस.टी.नं चाललो होतो. मंगल मांडीवर. पुढच्या बाकावर एक पोरगेलीशी आई रडणाऱ्या तान्ह्याला पाजत होती आणि जरा पाजून पदर सावरत होती. तिच्या शेजारची, आम्हाला सर्वस्वी अनोळखी अशी एक पोक्त बाई तिला रागावली. "मदीच काडू नको त्याला. आदी पातळ येतं, मलई मागनं येती. डोळे मिटूस्तवर पेऊ दे."

मी पुढे वाकलो. "मावशी, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाय कशाला पायजे? आमच्याकडं समद्या बायांना ठावं हाय."

"मावशी," मी म्हणालो, आणि माझा आवाज गाडीत सगळ्यांना ऐकू गेला, "ते हिनं शोधून काढलंय. माझ्या बायकोनं."

पोक्त बाईनं वळून शकुंतलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. शकुंतलानं लाजून तोंडाला पदर लावला, पण मान खाली घातली नाही.

"असं व्हय?" ती बाई शकुंतलाला म्हणाली. "मंग सरका जरा तिकडं, मी तुमच्यापाशी बसते."